पहिली-दुसरीच्या मुलांची भाषा आणि वाचन-लेखन तपासताना

पेठ तालुक्यातील एका शाळेत पहिलीतील एक मुलगा मला पाठ्यपुस्तकाचे पान न अडखळता वाचून दाखवत होता. त्याचे बोट ओळीवरून सरकत होते, आवाज खणखणीत होता आणि वर्गशिक्षिका समाधानाने पाहत होत्या. मी सहज म्हणून पानावर हात ठेवला, तरी वाचन थांबले नाही. पान त्याला तोंडपाठ होते. त्यातील 'घर' हा शब्द वेगळ्या कागदावर लिहून दिला, तेव्हा मात्र तो गप्प झाला. ही त्या मुलाची लबाडी नव्हती, उलट त्याची स्मरणशक्ती आणि ऐकून शिकण्याची क्षमता उत्तम असल्याचा तो पुरावा होता. चूक तपासण्याच्या पद्धतीत होती. लहान मुलाचे वाचन तपासायचे, तर त्याला येणाऱ्या आणि न येणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या करून पाहाव्या लागतात. नाशिक जिल्ह्यातील प्राथमिक शाळेत एकट्या शिक्षकाला फारसा खर्च न करता हे काम कसे करता येईल, ते या लेखात सविस्तर मांडले आहे.

नेमके काय तपासायचे

फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये वाचनाविषयी एक साधी मांडणी केली. वाचून समजणे म्हणजे लिपी उलगडता येणे आणि भाषा समजणे या दोन क्षमतांचा गुणाकार होय, असे ते म्हणतात. येथे बेरीज नव्हे तर गुणाकार आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तरही शून्यच येते. सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीतील, घरी भोजपुरी किंवा हिंदी बोलणारी मुलगी देवनागरी झरझर वाचते, पण 'ओंजळ' म्हणजे काय ते तिला ठाऊक नसते. बागलाणातील अहिराणी बोलणारा मुलगा पाच मिनिटे रंगवून गोष्ट सांगतो, पण त्याला 'मामा'पलीकडे वाचता येत नाही. लेखी चाचणीत दोघांना सारखेच गुण पडतील आणि दोघांची रवानगी एकाच 'अप्रगत' गटात होईल. वास्तविक तिला गप्पा, गोष्टी आणि शब्दसंपत्ती यांची गरज आहे, तर त्याला अक्षरांची. तपासणीने या दोघांना वेगळे ओळखता आले नाही, तर ती करण्यात घालवलेला वेळ वाया गेला असे समजावे.

वेळ, जागा आणि साहित्य

जूनच्या मध्याला शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात तपासणीला हात घालू नये. पहिलीतील मूल तेव्हा शाळेलाच बिचकलेले असते. जुलैचा दुसरा पंधरवडा बरा. दुसरी फेरी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आणि तिसरी फेब्रुवारीत घ्यावी. सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील शिक्षकांनी दुसऱ्या फेरीची टाळाटाळ मुळीच करू नये. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे जातात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. मूल परत येते तेव्हा ते कोठे होते आणि आता कोठे आहे, हे सांगायला हाताशी नोंद असावी लागते.

एका मुलाला सुमारे पंधरा मिनिटे लागतात. पट तीसचा असेल तर साडेसात तास झाले. आकडा ऐकून दडपण येते, पण रोज तीन मुले घेतली तर दहा दिवसांत वर्ग पूर्ण होतो. त्या वेळात बाकीची मुले चित्र काढतील किंवा गोष्टीची पुस्तके चाळतील. तपासणीसाठी व्हरांड्याचा शांत कोपरा निवडावा. टेबलाच्या पलीकडे बसू नये, सतरंजीवर मुलाच्या शेजारी बसावे. साहित्य म्हणून भरपूर तपशील असलेले एक मोठे चित्र, मुलाने न पाहिलेले एक गोष्टीचे पुस्तक, जाड कागदाची अक्षरपत्रे व शब्दपत्रे, एक अपरिचित उतारा, आणि वेळ मोजायला मोबाइल एवढे पुरते. प्रत्येक मुलासाठी वहीचे एक पान राखून ठेवावे. मुलाच्या देखत लाल शाईने फुल्या मारू नयेत. उत्तर बरोबर असो वा चूक, आपला चेहरा आणि आवाज सारखाच ठेवावा, हे वाटते त्यापेक्षा कठीण आहे आणि त्याचा सराव करावा लागतो.

आणखी एक गोष्ट आधीच पाहून घ्यावी. मुलाला फळ्यावरचे दिसते का आणि मागून हाक मारली तर ऐकू येते का? मुलांची आरोग्य तपासणी करणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येऊन गेले असेल तर त्याची नोंद चाळावी. कान वाहणाऱ्या मुलाला 'प' आणि 'ब' यांतला फरक कळला नाही, तर तो दोष त्याच्या वाचनाचा नसतो.

पहिली पायरी: मुलाची बोली आणि बोलणे

पानाच्या अगदी वर मुलाची घरची भाषा लिहावी. अहिराणी, कोकणी (ही आपल्या पश्चिम पट्ट्यातील कोकणा समाजाची बोली), वारली, हिंदी, उर्दू, जे असेल ते. 'मराठीच' असे उत्तर आले तरी पुन्हा विचारावे, कारण घरची बोली शाळेत सांगायची नसते, असे पुष्कळ मुलांना वाटत असते.

मग चित्र समोर ठेवून 'यात काय काय चाललंय ते मला सांग' एवढेच म्हणावे. 'हे काय आहे?' असे बोट दाखवून विचारले की मूल एकेका शब्दात उत्तर देते आणि आपल्याला काहीच कळत नाही. आठवडे बाजाराचे चित्र या कामी फार उपयोगी पडते. मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे, सुधारू नये. पाहायचे ते असे: मूल नुसती नावे मोजते की क्रिया सांगते? 'म्हणून', 'पण', 'तेव्हा' असे जोडणारे शब्द वापरते का? चित्रात नसलेले, म्हणजे आधी काय झाले असेल आणि पुढे काय होईल, तेही सांगते का?

त्यानंतर साठ-सत्तर शब्दांची गोष्ट मुलाला वाचून दाखवावी आणि चार प्रश्न विचारावेत. दोन प्रश्न गोष्टीत थेट असलेल्या माहितीचे, एक 'का' विचारणारा आणि एक एखाद्या शब्दाच्या अर्थाचा. उत्तर अहिराणीत आले तरी ते पूर्ण बरोबर धरावे, कारण येथे समज तपासायची आहे. शिक्षकाला ती बोली येत नसेल तर वरच्या वर्गातील विद्यार्थ्याची किंवा अंगणवाडीताईंची मदत घेण्यात कमीपणा मानू नये.

दुसरी पायरी: पुस्तकाची ओळख

ही पायरी दोन मिनिटांची आहे. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी ती जगभर रूढ केली. पुस्तक मुलाच्या हातात उलटे द्यावे आणि ते सरळ करते का ते पाहावे. वाचायला कोठून सुरुवात करायची, ओळ संपल्यावर कोठे जायचे, एक शब्द कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे बोटाने दाखवायला सांगावे. घरी पुस्तक नसलेल्या मुलाला हे ठाऊक नसणे स्वाभाविक आहे. पंधरा दिवस रोज पुस्तक हाताळायला मिळाले की ही उणीव बहुधा भरून निघते.

तिसरी पायरी: आवाज ओळखणे

येथे लिहिणे-वाचणे काहीही नाही, फक्त ऐकायचे आणि बोलायचे. शब्द म्हणताना टाळ्या वाजवून त्याचे तुकडे करता येतात का? 'गाडी'ला दोन, 'बाहुली'ला तीन टाळ्या. मग 'पाणी, पाटी, गाडी' यांत वेगळ्या आवाजाने सुरू होणारा शब्द कोणता? 'बाहुली'मधून 'बा' काढला तर काय उरेल?

शब्द निवडताना मराठीची एक खोड लक्षात ठेवावी लागते. 'कमळ' आपण बोलताना 'क-मळ' असे दोन तुकड्यांत म्हणतो, पण लिहिताना अक्षरे तीन असतात. 'चिमणी'चेही तसेच, कारण बोलताना 'चिम-णी' होते. लिहिता येऊ लागलेले मूल तीन टाळ्या वाजवते, नुसते ऐकणारे मूल दोन वाजवते आणि दोघेही बरोबर असतात. म्हणून तपासणीसाठी 'बाहुली', 'मोसंबी', 'टोमॅटो' असे प्रत्येक अक्षराचा स्वर स्पष्ट ऐकू येणारे शब्द घ्यावेत. 'क्'सारखा सुटा व्यंजनध्वनी वेगळा काढणे पहिलीच्या मुलाकडून अपेक्षू नये. आपल्या लिपीचा व्यवहार अक्षराशी चालतो आणि मुलाचा कानही आधी अक्षरच पकडतो. इंग्रजीसाठी तयार झालेल्या चाचण्यांचे आंधळे भाषांतर येथेच फसते.

चौथी पायरी: अक्षरे

या पायरीवर मी सर्वाधिक वेळ घालवतो. वाचकानेही घालवावा.

मुळाक्षरे कधीही क्रमाने विचारू नयेत. 'क ख ग घ' हे गाणे आहे, ते म्हणता आले म्हणजे अक्षरे ओळखता आली असे होत नाही. वीस अक्षरे विस्कटून लिहावीत आणि त्यांत दिसायला जवळची अक्षरे मुद्दाम घालावीत: घ-ध, भ-म, थ-य, ब-व, प-ष, ड-इ. मुलाने 'ध'ला 'घ' म्हटले तर नुसती फुली न मारता 'ध→घ' असे लिहावे. दहा दिवसांनी वर्गाची पाने एकत्र पाहिली की अर्धा वर्ग याच जोडीत अडकला आहे, असे ध्यानात येते. मग शिकवणे मुलामुलाला नव्हे, वर्गाला करता येते.

मुळाक्षरांनंतर स्वरचिन्हांची वीस अक्षरे घ्यावीत, तीही वेगवेगळ्या व्यंजनांबरोबर: मी, टो, सु, ले, गौ, नि, बू. 'सु' दाखवल्यावर मूल मनातल्या मनात 'स सा सि सी' करत 'सु'पाशी येत असेल तर त्याचे ओठ हलताना दिसतात. उत्तर बरोबर धरावे, पण बाजूला 'बाराखडी म्हणून' अशी नोंद करावी. असे मूल शब्द वाचू लागले की प्रत्येक अक्षरापाशी बाराखडीचा जिना चढते आणि शेवटच्या अक्षराला पोहोचेपर्यंत पहिले विसरते. पहिली वेलांटी ही आणखी एक अडचण. ती लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर, त्यामुळे 'कि' पाहून 'इक' म्हणणारे मूल वास्तविक डावीकडून उजवीकडे वाचण्याचा नियम काटेकोरपणे पाळत असते!

शेवटी दहा जोडाक्षरे, तीही दुसरीच्या मुलांनाच. त्यात 'र'ची निरनिराळी रूपे असावीत: सूर्य, प्रकाश, ट्रक, दऱ्या. सलग दहा अक्षरे आली नाहीत तर तेथेच थांबावे आणि मुलाला येणारे एखादे अक्षर विचारून शेवट गोड करावा.

येथे दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. 'च' आणि 'ज' यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत ('चाक' आणि 'चहा' म्हणून पाहावे). सुटे अक्षर वाचताना कोणताही उच्चार चालेल. दुसरी बोलीची. अहिराणीत 'डोळा'चा 'डोया' आणि 'काळा'चा 'काया' होतो. अनेक घरांत 'पाणी'ला 'पानी' म्हणतात. 'ळ' हे चिन्ह ओळखून मूल आपल्या बोलीप्रमाणे उच्चारत असेल, तर ती वाचनाची चूक नव्हे.

मुलांना अक्षरे यायला इतका वेळ का लागतो, असे पालकच नव्हे तर अधिकारीही विचारतात. तीस-पस्तीस व्यंजनांची प्रत्येकी बारा रूपे धरली तरी सुमारे चारशे अक्षरे होतात, आणि जोडाक्षरे त्यात अजून धरलेलीच नाहीत. इंग्रजी मुळाक्षरे सव्वीस आहेत. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांच्या अभ्यासातून दाखवून दिले आहे की आपल्याकडील अक्षरलिपी आत्मसात होण्याची प्रक्रिया पहिल्या इयत्तेत संपत नाही, ती पुढची काही वर्षे चालू राहते. लिपीच्या जडणघडणीत मराठी कन्नडहून फार वेगळी नाही.

पाचवी पायरी: शब्द आणि बिनअर्थी शब्द

दहा ओळखीचे शब्द सोपे ते अवघड या क्रमाने द्यावेत. त्यानंतर पाच-सहा बिनअर्थी शब्द: टामू, बीसो, नुथी, लेपू, गोझा. 'ही परग्रहावरच्या प्राण्यांची नावे आहेत' असे सांगितले की मुले हसतात आणि वाचू लागतात. बिनअर्थी शब्द पाठ असूच शकत नाही, त्यामुळे लेखाच्या आरंभी सांगितलेल्या मुलासारखी मुले या एका मिनिटात ओळखता येतात.

सहावी पायरी: उतारा

उतारा पाठ्यपुस्तकातील नसावा. स्वतः लिहावा. दुसरीसाठी मी वापरतो तो पस्तीस शब्दांचा एक उतारा असा:

'मीनाच्या घरामागे द्राक्षाची बाग आहे. सकाळी ती आजोबांबरोबर बागेत गेली. वेलीखाली एक लहान पिल्लू थरथरत बसले होते. मीनाने ते ओंजळीत घेतले. आजोबांनी वर पाहिले. फांदीवर घरटे होते. आजोबांनी मीनाला उचलून घेतले. तिने पिल्लू घरट्यात ठेवले.'

मूल वाचत असताना आपल्याजवळच्या प्रतीवर खुणा कराव्यात. एका शब्दावर मूल तीन-चार सेकंद अडले तर 'पुढचा वाच' म्हणावे. स्वतःहून दुरुस्त केलेला शब्द चुकीत धरू नये, पण दुरुस्तीची नोंद जरूर ठेवावी, कारण आपले चुकले हे ज्याला कळते ते मूल अर्थ लावत वाचत असते. समजा, एका मुलाने सत्तर सेकंदांत उतारा संपवला आणि एकतीस शब्द बरोबर वाचले. त्याची अचूकता एकतीस भागिले पस्तीस, म्हणजे सुमारे ८९ टक्के, आणि गती मिनिटाला सुमारे २७ शब्द झाली. मेरी क्ले यांच्या पद्धतीत ९५ टक्के किंवा अधिक अचूकता असेल तर मजकूर मुलाला सोपा, ९० ते ९४ टक्के असेल तर शिकवण्याजोगा आणि ९० च्या खाली असेल तर अवघड मानतात. या मुलाच्या हातात थोडा सोपा उतारा द्यायला हवा.

टक्केवारीपेक्षा चुकांचा प्रकार अधिक बोलका असतो. 'फांदीवर'ऐवजी 'झाडावर' वाचणारे मूल अर्थाच्या आधाराने चालले आहे, पण अक्षरांकडे पुरेसे पाहत नाही. 'घरटे'ऐवजी 'घर' वाचणारे मूल शब्दाचा आरंभ पाहून बाकीचे अंदाजाने ठोकते. 'पिल्लू'ला 'पि-ल-लू' म्हणणारे मूल जोडाक्षरापाशी थांबले आहे. तिघांच्या चुका प्रत्येकी चारच असल्या तरी तिघांना देण्याचा सराव निराळा आहे.

वाचून झाल्यावर कागद काढून घेऊ नये, आपण वाचन तपासत आहोत, स्मरण नव्हे. पिल्लू कोठे सापडले? आजोबांनी वर का पाहिले? मीनाला त्यांनी उचलून का घेतले? ओंजळ करून दाखव. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर उताऱ्यात लिहिलेले नाही, ते मुलाला जोडावे लागते. 'तिचा हात पुरत नव्हता' हे उत्तर ज्या मुलाकडून येते, त्याची गती २७ असली तरी मी फार चिंता करत नाही.

गतीविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द समजून वाचता यावेत, असे लक्ष्य ठेवले आहे. लक्ष्य असण्याला माझा विरोध नाही. पण मराठीत 'आजोबांबरोबर' हा एक शब्द मोजला जातो, तर हिंदीत तेच सांगायला 'दादाजी के साथ' असे तीन शब्द लागतात. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येत असल्याने आपले शब्द लांब होतात आणि शब्दांची गती कमी दिसते. म्हणून दोन भाषांतील आकड्यांची तुलना करू नये, त्याच मुलाच्या जुलैच्या आणि फेब्रुवारीच्या आकड्यांची करावी. घड्याळ मुलाला दिसू देऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

सातवी पायरी: लेखन

फळ्यावरचे उतरवून काढणे म्हणजे लेखन नव्हे. मुलाला स्वतःचे नाव, पाच सांगितलेले शब्द आणि आपण काढलेल्या चित्राखाली मनाने एखादे वाक्य लिहायला सांगावे. 'पाऊस'चे 'पऊस' झाले तर मुलाने आवाज ऐकून चिन्हे शोधली आहेत, केवळ काना राहिला आहे. रेघोट्या, सुटी अक्षरे, अर्धवट शब्द, वाचता येणारे वाक्य, या क्रमाने मूल कोठे आहे एवढे नोंदवावे. ऱ्हस्व-दीर्घ पहिली-दुसरीत मुळीच मोजू नये. मराठी बोलताना तो फरक आपण मोठी माणसेही फारसा पाळत नाही, मग सहा वर्षांच्या कानाने तो कोठून पकडावा?

नोंदीवरून गट

आता प्रत्येक पानावर बोलणे, ऐकून समजणे, पुस्तकाची ओळख, आवाज, अक्षरे, शब्द, उतारा आणि लेखन यांपुढे एकेक ओळ झालेली असेल. त्यांची बेरीज करून एक आकडा काढण्याचा मोह टाळावा. शाळांच्या समूह केंद्रावर आकडा मागितला जातो, तो वेगळ्या कागदावर द्यावा. वर्गासाठी मात्र पाने जमिनीवर पसरून मांडावीत आणि कोण कोठे अडले आहे यानुसार तीन-चार ढीग करावेत. अक्षरांपाशी अडलेली मुले, अक्षरे येऊनही शब्द न जुळवणारी मुले, वाचूनही न समजणारी मुले. रोज वीस मिनिटे गटाप्रमाणे काम द्यावे आणि सहा आठवड्यांनी फक्त अडलेलीच पायरी पुन्हा तपासावी. गटांना 'हुशार' किंवा 'ढ' अशा अर्थाची नावे तर नकोतच, पण मोगरा-गुलाब अशी नावे ठेवली तरी मुलांना दोन दिवसांत सारे समजते, म्हणून गट सतत बदलते ठेवणे हाच त्यावर उपाय आहे.

नियमित हजेरी आणि गटातील काम असूनही दोन सत्रांत अक्षरे बसतच नसतील, तर पालकांशी बोलून मुलाला तज्ज्ञांकडे पाठवावे. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (वाचणे, लिहिणे किंवा गणित शिकण्यातील कायमच्या अडचणीचा) समावेश २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात झालेला आहे, परंतु तिचे निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. आपण आपली पाने त्यांच्यापुढे ठेवावीत, एकही शिक्का न मारता.

पालकांना सांगताना

पालकसभेत 'किती मार्क पडले?' हा प्रश्न येतोच. उत्तर तोंडी न देता मुलालाच त्याला येणारा मजकूर आईसमोर वाचायला लावावा. आईला स्वतःला वाचता येत नसेल तर तिने रोज रात्री आपल्या बोलीत एक गोष्ट सांगावी आणि मुलाने ती दुसऱ्या दिवशी वर्गात सांगावी, एवढे तिच्याकडून पुरे आहे. स्थलांतरित होणाऱ्या कुटुंबाला शिक्षण हमी कार्ड (मुलाचे शिक्षण दुसऱ्या गावच्या शाळेत चालू राहावे म्हणून दिले जाणारे कार्ड) देताना त्या कार्डाला मुलाच्या पानाची एक प्रत टाचून द्यावी आणि पानाच्या तळाशी 'मुळाक्षरे सर्व येतात, वेलांटीपासून पुढे घ्यावे' असे एक वाक्य ठळक लिहावे. नाही तर निफाडच्या शाळेत त्याला पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात करावी लागते आणि मार्चमध्ये परत आल्यावर आपल्याकडे तिसऱ्यांदा.